शिकाऊ मावशी

परिपत्रक आलं तेव्हा मावशी उस्तादांची दाढी करत होत्या, त्यामुळे त्यांनी ते अर्धंच ऐकलं. समोरच्याच्या गालाला साबण लागलेला असताना तिसऱ्याचं बोलणं पूर्ण ऐकणं मावशींच्या तत्त्वात बसत नव्हतं.

दिव्यांगांच्या त्या निवासी केंद्रात परिपत्रकं तशी नेहमीच येत. केंद्रप्रमुख मॅडम दारात उभ्या राहून ती वाचत, मावशी "बरं" म्हणत आणि कागद फाइलीत जाऊन सुखाने झोपे. हा कागद मात्र झोपणाऱ्यांतला नव्हता.

"नवं धोरण आलंय," मॅडम म्हणाल्या. "एक तारखेपासून ज्या सेवा देणाऱ्याकडे प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र नाही, त्याने सेवा घेणाऱ्याला हात लावायचा नाही. आपल्याला तीन जागा मिळाल्यात. तुम्ही, मदतनीस लांबू आणि रात्रपाळीच्या बाई. आणि प्रमाणपत्र मिळालेल्यांना गरजेप्रमाणे दुसऱ्या केंद्रात पाठवलं जाईल. मावशी, ऐकताय ना?"

"ऐकतेय. उस्ताद, मान वर."

"तीन दिवस जायचंय."

"मला काय शिकवणार आहेत ते? चौदा वर्षं करतेय."

"माणसाला विचारून मदत कशी करायची, ते."

"विचारत बसले तर दुपारचं जेवण संध्याकाळी होईल," असं म्हणून मावशींनी दोन बोटांनी उस्तादांची हनुवटी न विचारता डावीकडे फिरवली.

उस्तादांनी हनुवटी वळू दिली. तीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवलं होतं. शेजारच्या सीटवर बसायचं, जादा ब्रेकवर पाय ठेवायचा आणि आवाज चढवायचा नाही, ही त्यांची पद्धत. मग पक्षाघाताने उजवी बाजू गेली आणि गाडी सुटून चाकांची खुर्ची आली. "माझा एकही शिकाऊ परीक्षेत नापास झाला नाही," हे ते आठवड्यातून एकदा तरी सांगत, आणि मावशी दर वेळी नव्याने ऐकल्यासारखं करत.

नावं पाठवायचं काम कारकुनाकडे होतं. फॉर्मवर दोन रकाने होते, डावीकडे सेवा देणारे आणि उजवीकडे सेवा घेणारे. आता, या केंद्राची एक जुनी रीत होती आणि ती मॅडमनीच घातलेली होती: कुठल्याही यादीत राहणाऱ्यांची नावं आधी, कर्मचाऱ्यांची नंतर. हजेरीपट असो की लसीकरण, राहणारे डावीकडेच. कारकुनाच्या हाताला त्याचं इतकं वळण पडलं होतं की त्याने रकान्याचं शीर्षक वाचायची तसदीच घेतली नाही.

त्या सकाळी मावशी ठेवणीतली साडी नेसून, चष्मा पुसून, डबा घेऊन फाटकाशी उभ्या होत्या. प्रशिक्षण केंद्राची गाडी आली. ड्रायव्हरने यादी वाचली. पहिलं नाव उस्तादांचं, दुसरं टेलिफोनकाकांचं आणि तिसरं छोटीचं. टेलिफोनकाका जन्मापासून अंध. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले. छोटी बत्तीस वर्षांची होती, पण तिला सगळं समजायला वेळ लागे, म्हणून सगळे तिला छोटीच म्हणत.

"अहो, हे इथले राहणारे," मावशी म्हणाल्या. "प्रशिक्षण आमचं आहे."

"यादीत ज्याचं नाव, तो गाडीत," ड्रायव्हर म्हणाला. "मागे एकदा यादीबाहेरचा माणूस नेला, तर मला लेखी खुलासा द्यावा लागला."

मॅडमना फोन लावला, तर तो बंद. त्या नेमक्या हेच परिपत्रक समजावून सांगणाऱ्या बैठकीला गेल्या होत्या. उस्तादांना खरं सांगता आलं असतं. पण वर्षभरात ते फाटकाबाहेर गेले नव्हते, आणि गाडीची पुढची सीट रिकामी दिसत होती.

"यादी म्हणजे यादी," ते गंभीरपणे म्हणाले. "मावशी, डबा द्या."

मावशींनी डबा दिला.

तिकडे तीन दिवस काय झालं, ते नंतर टेलिफोनकाकांनी जेवणाच्या टेबलावर सांगितलं. प्रशिक्षकबाईंनी पहिल्याच तासाला प्रत्येकाला दिव्यांग व्यक्तीची भूमिका दिली होती. टेलिफोनकाकांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. ते सरळ उठून पाण्याच्या माठापर्यंत गेले, पाणी प्यायले आणि परत जागेवर येऊन बसले. प्रशिक्षकबाईंनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.

"आणि उस्तादांना म्हणाल्या, किती समरस झालात भूमिकेत. आता उठा, दुसऱ्याला खुर्ची द्या."

"मग?" मावशींनी विचारलं.

"मी म्हटलं, अजून थोडा वेळ बसतो," उस्ताद म्हणाले. "छान वाटतंय."

"जेवायच्या सुट्टीत कळलं त्यांना," टेलिफोनकाका म्हणाले. "वरच्यांना फोन केला. वरचे म्हणाले, यादीत नाव आहे ना, मग शिकवा."

तोंडी परीक्षेत तिघंही पास झाले. छोटी पहिली आली. प्रश्न असे होते की आंघोळ घालताना आधी काय विचारावं, घास भरवताना किती थांबावं. उत्तरं तिला आयुष्यभर ठाऊक होती. आजवर तिला कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

"मला आता छोटी म्हणायचं नाही," ती मावशींना म्हणाली. "मोठ्या माणसाला लहान मुलासारखं बोलावू नये. नियम सात."

"मग काय म्हणू गं?"

तिने बराच विचार केला. "ताई."

साठीच्या मावशींनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. तिने वाचलेले पहिले दोन शब्द, स्वतः घातलेली पहिली वेणी, सगळं मावशींच्या हाताखालून गेलेलं. "बरं, ताई," त्या म्हणाल्या, आणि हे "बरं" नेहमीचं नव्हतं.

मॅडमनी प्रशिक्षण कार्यालयात खेटे घातले. तिथलं उत्तर ठरलेलं होतं: नावं तुम्हीच पाठवलीत, दिलेलं प्रमाणपत्र रद्द करायची तरतूद नाही, पुढचं प्रशिक्षण सहा महिन्यांनी. तोवर कर्मचाऱ्यांनी घरी बसावं, बाहेरून प्रमाणित माणसं पाठवू.

महिनाअखेरीला मावशींनी कपाटातून आपली कंगवा-कात्री काढली आणि पिशवीत भरायला घेतली. "सहा महिने घरी काय करू मी?" त्या उस्तादांना म्हणाल्या. "भिंतींना आंघोळ घालू? आणि तुमचा डावा खांदा आधी उचलायचा असतो, ते त्या नव्या माणसाला कोण सांगणार?" त्यांचे डोळे भरून आले. उस्ताद खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचेही भरले होते, पण उजवा डोळा तसाही नेहमी पाणावायचा, म्हणून निभावलं.

तेवढ्यात ताई आली. प्रशिक्षणात मिळालेली पुस्तिका ती आठ दिवस एकेका शब्दावर बोट ठेवून वाचत होती. केंद्रात ती पूर्ण वाचणारी ती एकटीच.

"पान एकोणीस," ती म्हणाली. "प्रमाणपत्र नसलेली व्यक्ती... प्रमाणपत्रधारकाच्या... देखरेखीखाली काम करू शकेल. तयार होईपर्यंत." तिने बोट उचललं. "आम्ही आहोत ना."

मॅडमनी पान तीनदा वाचलं. कुठेही फट नव्हती. एक तारखेला उस्ताद मावशींचे देखरेख अधिकारी झाले, टेलिफोनकाका लांबूचे आणि ताई रात्रपाळीच्या बाईंची.

मावशींची पहिली सकाळ फार जड गेली. उस्तादांनी तीस वर्षांचा अनुभव बाहेर काढला होता.

"घाई नको. आधी मागे बघा, मग खुर्ची वळवा."

"चौदा वर्षं वळवतेय मी."

"वाईट सवयी लागल्यात, म्हणून तर. आणि विचारा."

मावशींनी मोठा श्वास घेतला. "उस्ताद, खुर्ची वळवू का?"

"वळवा. छान. सावकाश."

हळूहळू मावशी विचारू लागल्या. पाणी किती गरम हवं, सदरा कुठला घालू. एका सकाळी चहा करताना चमचा हातात धरून त्यांनी विचारलं, "साखर किती?"

"अर्धा चमचा."

चमचा तसाच राहिला. "मी रोज दोन घालते."

"माहीत आहे."

"चौदा वर्षं?"

"चौदा वर्षं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतक्या मनापासून ढवळता," उस्ताद म्हणाले, "की वाईट वाटायचं."

मावशींना त्या दिवशी दुसरं काही सुचलं नाही. रोज दोन, म्हणजे किती, याचा विचार करत त्या चादरी वाळत घालत राहिल्या.

तीन महिन्यांनी अहवालाचा फॉर्म आला. त्यात एकच प्रश्न महत्त्वाचा होता: कर्मचारी स्वतंत्रपणे काम करण्यास तयार आहे का? मॅडमनी तो उस्तादांपुढे ठेवला. "तुम्ही 'हो' लिहा, की मावशींना प्रमाणपत्र थेट येईल. नदीपलीकडच्या केंद्रात माणसं कमी आहेत, त्यांनी आत्ताच मागणी केलीय."

उस्तादांनी डाव्या हाताने, एकेक अक्षर कोरत लिहिलं.

संध्याकाळी मावशींनी फॉर्म वाचला, आणि चहाचा कप त्यांनी जरा जास्तच आवाज करून टेबलावर ठेवला.

"नापास? मला?"

"हो."

"तुमचा एकही शिकाऊ नापास झाला नाही म्हणता ना?"

"आता झाला."

"विचारून सगळं करते. साखरसुद्धा विचारली. काय कमी पडलं माझं?"

कोपऱ्यात बसलेल्या ताईने आपल्या पिशवीतून परिपत्रक काढलं. मावशींनी दाढी करताना अर्धंच ऐकलेलं तेच परिपत्रक. तिने त्याच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि सावकाश वाचलं, "प्रमाणपत्र... मिळालेल्यांना... गरजेप्रमाणे... दुसऱ्या केंद्रात... पाठवलं जाईल."

मावशींनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि फॉर्म पुन्हा वाचला. 'नाही' या शब्दाखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, ती आता दिसली: "शिकाऊ हुशार आहे, पण घाई करू नये. देखरेख पुढेही चालू ठेवावी."

त्यांनी घडी घालून तो कागद मॅडमच्या फाइलीत परत ठेवला. मग चहाचा कप पुढे ओढला आणि कुणालाही न विचारता त्यात दोन चमचे साखर घालून मनापासून ढवळली.

"हे काय?" उस्ताद म्हणाले.

"शिकाऊ आहे अजून," मावशी म्हणाल्या. "चुकायचंच."

उस्तादांनी कप उचलला आणि सगळा चहा संपवला.