दर आठवड्यास किमान एक बैठक

जी वास्तू पाडली जाते तिच्यासाठी लोक हळहळतात आणि जिचं पुनरुज्जीवन होतं तिच्यासाठी टाळ्या वाजवतात. म्हणून ज्याला एखादी जागा कायमची गप्प करायची असेल त्याने पहारीच्या वाटेला जाऊ नये. समिती नेमावी.

जुन्या गायनगृहासाठी अशी समिती नेमली गेली तेव्हा निमंत्रक म्हणून चष्म्याच्या दुकानाच्या मालकांची एकमताने निवड झाली. (ज्यांचं मत वेगळं होतं ते गृहस्थ चहा सांगायला बाहेर गेले होते.) निवड अत्यंत योग्य होती. एक तर चष्मेवाल्यांना गाण्याची खरोखरच आवड होती. दुसरं म्हणजे त्यांना कुणालाही नाही म्हणता येत नसे. आणि तिसरं, त्यांची थोरली बहीण व्हायोलिन वाजवायची, आणि फ्रॉक घालायच्या वयात तिने चारचौघांत पहिला गज फिरवला तो याच गायनगृहात.

ताईची बोटं आता तिच्याहून उशिरा जागी होत. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की वाजवून घ्यायचं ते आत्ताच घ्या. तिची मागणी एकच होती. दुरुस्ती झाली की तिथे एकदा बैठक.

"त्या छताखाली सूर सोडला ना, की तो फिरून भेटायला येतो रे छोट्या," ती म्हणे.

(साठी ओलांडलेल्या आणि बाजारपेठेत 'साहेब' असलेल्या माणसाला घरात कुणीतरी छोट्या म्हणणारं असावं. रक्तदाब ताब्यात राहतो.)

"पहिली बैठक तुझीच. शब्द दिला," छोट्या म्हणाले. आणि ते मनापासून म्हणाले, हे इथे नोंदवलं पाहिजे. आजवर जे जे काही धुळीला मिळालं आहे ते बहुतेक मनापासूनच मिळालेलं आहे.

आता अटीविषयी. गायनगृह बांधणाऱ्या शौकीन व्यापाऱ्याने दारावरच्या दगडात कोरून ठेवलं होतं: 'येथे दर आठवड्यास किमान एक बैठक व्हावी. न झाल्यास वास्तू माझ्या वारसांकडे परत जावी.' बैठक म्हणजे माणसं मांडी ठोकून गाणं-बजावणं ऐकतात ती, हे वेगळं लिहावं लागेल असं त्याला वाटलं नाही. शिकलेली माणसं अजून यायची होती.

दुरुस्ती सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात पेच आला. आत सगळीकडे घमेली, सिमेंट आणि बांबू. गाणार कुठे आणि ऐकणार कुठे? आणि वारस तर मांजरासारखे टपून बसलेले. चष्मेवाल्यांनी डोकं चालवलं. त्यांनी कंत्राटदार, नळवाला आणि रंगारी यांना फळ्यांवर बसवलं, गळक्या पाइपावर चर्चा घडवून आणली आणि दारावर पाटी लावली: 'या आठवड्याची बैठक झाली.' वारसांच्या वकिलांनी दगड पाहिला, पाटी पाहिली, शब्दकोश पाहिला. शब्दकोशात दोन्ही अर्थ सख्ख्या भावांसारखे शेजारी शेजारी बसलेले. वकील घरी गेले.

सगळ्यांनी चष्मेवाल्यांची पाठ थोपटली. "तेवढ्यापुरतं हो," ते लाजून म्हणाले. तेवढ्यापुरतं हा आपल्या भाषेतला सर्वांत टिकाऊ शब्द आहे. दगडी बांधकाम त्याच्यापुढे काहीच नाही.

यानंतर सल्लागार आले. त्यांना पाहताक्षणीच कळत होतं की ते सल्लागार आहेत, कारण ते भिंतीला हात लावून डोळे मिटत. "ही वास्तू श्वास घेऊ पाहतेय," ते म्हणाले. (ओल आली होती.) त्यांच्या योजनेनुसार गायनगृहाचं रूपांतर बहुउपयोगी सर्जनशील संकुलात करण्यात आलं. तळमजल्यावर कॉफीचं दुकान, दाढी कोरून देणारं दुकान आणि मेणबत्त्या बनवण्याचे वर्ग. रंगमंचावर पायऱ्या, पायऱ्यांवर उशा, उशांवर लॅपटॉप घेऊन बसलेले सर्जनशील लोक. वादकांच्या खोलीत फोनवर बोलण्याचे काचेचे कप्पे, ज्यांत माणसं ओठ हलवत उभी असतात आणि बाहेरून मत्स्यालयासारखी दिसतात.

संगीताचा विसर पडला, असा आरोप मात्र कुणी करू नये. खोल्यांना सुरांची नावं दिली आहेत. 'ग'मध्ये मुलाखती होतात, 'नी'मध्ये झाडू ठेवतात. स्वच्छतागृहांवर 'कोमल' आणि 'तीव्र' असं लिहिलं आहे. आपण नक्की कशात मोडतो याचा विचार करत लोक बाहेर ताटकळतात, आणि काहींना त्यात आयुष्यात पहिल्यांदा आत्मपरीक्षण घडतं. जिन्यापाशी कानाला लावायचं एक यंत्र आहे. त्यात जुन्या मैफलींतल्या श्रोत्यांचं खोकणं ऐकायला मिळतं. (मूळ ध्वनिमुद्रणात मध्येमध्ये गाणं येत होतं. ते स्वच्छ करून घेतलं आहे.)

सल्लागारांच्या अहवालानुसार वास्तूचा वापर चारशे टक्क्यांनी वाढला. संगीताचा वापर शून्यावर आला होता. तो तिथेच स्थिर राखण्यात यश मिळालं.

एकच तक्रार उरली होती. छत. त्याच्याखाली कुणी 'हॅलो' म्हटलं की ते फिरून भेटायला येई. एकाची पगारवाढीची बोलणी सगळ्या पायऱ्यांनी ऐकली आणि त्या दिवसापासून तिथल्या मैत्र्या बिघडल्या. समितीने तातडीने छताला जाड स्पंजचे चौकोन डकवून घेतले. ठरावावर पहिली सही निमंत्रकांची होती. सही करताना त्यांना काहीतरी आठवल्यासारखं झालं, पण तेवढ्यात सामोसे आले.

बैठका मात्र अखंड चालू होत्या. दर आठवड्यास किमान एक, बहुधा तीन.

"छोट्या, माझी बैठक कधी रे?"

"अगं, परवाच झाली की बैठक."

"वाजवलं कुणी?"

"वाहनतळाचा विषय होता. चांगलाच वाजला."

"तुझ्या तोंडात मारीन हं," ताई म्हणाली. मग तिने उजव्या हाताने डाव्या हाताची करंगळी हळूच सरळ केली. "हिने तर राजीनामाच दिलाय. बाकीच्या तिघी नोटिशीवर आहेत. तू बघ बाबा."

चष्मेवाल्यांनी दुसरीकडे पाहिलं. दुसरीकडेही तीच होती. भिंतीवर फोटो होता.

त्यांनी मग जे केलं त्याला आमच्यात हिंमत म्हणतात. त्यांनी पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत, अगदी शेवटी, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' या सदरात बहीण घातली.

ताई आली. ठेवणीतली साडी, पेटीत व्हायोलिन. तिला दारापाशी खुर्ची मिळाली. उशांचा रंग या विषयावर चर्चा सुरू झाली. मातकट हवा की मातीसारखा हवा, यावर दोन तट पडले. सल्लागारांनी डोळे मिटून दोन्ही बाजूंना पाठिंबा दिला. चहा झाला. चहानंतर सभासद मुंग्यांच्या शिस्तीने पांगले आणि ऐनवेळ आली तेव्हा अध्यक्षांनी डोकी मोजून जाहीर केलं, "गणपूर्ती नाही. बैठक तहकूब."

"साहेब, ताई आली आहे," निमंत्रक म्हणाले.

"नियमात सोय आहे ना," अध्यक्ष छत्री शोधत म्हणाले. "तहकूब बैठक अर्ध्या तासाने त्याच जागी घ्या. तिला गणपूर्ती लागत नाही. कुणीच नसलं तरी चालते." लोकशाहीने संगीतासाठी याहून काय करायचं?

अर्ध्या तासाने ताईने पायऱ्यांवरच्या उशा पायाने बाजूला सारल्या, व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि सूर सोडला. तो वर गेला. परत आला नाही. तिने पुन्हा सोडला. पुन्हा तेच. चिखलात खडे टाकावेत तसं.

तिने वर पाहिलं, स्पंज पाहिला. मग भावाकडे पाहिलं.

"हे कुणी केलं रे?"

चष्मेवाल्यांना ठराव तोंडपाठ होता. पहिल्या सहीसकट.

ताई पायऱ्या उतरली. काखेत व्हायोलिन आणि एका हातात गज घेऊन ती भिंतींपाशी, जिन्यापाशी, दारांपाशी टिचक्या वाजवत फिरली आणि शेवटी स्वच्छतागृहांच्या बोळात थांबली. तिथे वरपर्यंत फरशा होत्या. स्पंज तिथवर पोचला नव्हता. तिने टिचकी वाजवली. टिचकी फिरून भेटायला आली.

'कोमल' आणि 'तीव्र' यांच्या मधोमध उभं राहून ताईने वाजवलं. करंगळीचे सूर तिने गाळले नाहीत. दुसऱ्या बोटाला ताणून तिथवर नेलं, आणि प्रत्येक वेळी चेहरा पिळवटला. आत जायला थांबलेले दोघेजण आत जायचं विसरले. चष्मेवाले नळाला टेकून उभे होते. त्यांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला. पुन्हा काढला.

तेवढ्यात 'ग'चं दार उघडलं आणि एक सुसंस्कृत डोकं बाहेर आलं.

"जरा आवाज कमी करता का? इथे आमची बैठक चालू आहे."

ताईने चालू सुरावट पूर्ण केली, मगच गज उतरवला. इतिवृत्तात नोंद झाली: 'ऐनवेळच्या विषयात व्हायोलिनबाबत चर्चा होऊन विषय संपला.' विषय संपलेला नाही. घरी जाताना ती भावाला म्हणाली, "पुढच्या गुरुवारी परत येते. बोटं चालताहेत तोवर दर गुरुवारी. तू तेवढा बोळ मोकळा ठेव. ठराव करू नकोस."

तर ती दर गुरुवारी संध्याकाळी वाजवते. कुणालाही मज्जाव नाही. हे सगळं वाचून तुम्हाला समितीचा संताप आला असेल, सल्लागाराला फटकवावंसं वाटलं असेल, चष्मेवाल्याची कीव आली असेल. रास्तच आहे. गुरुवारी संध्याकाळी येताय ना मग?

नेमकी याच गुरुवारी तुमची बैठक आहे का? बरं. मग पुढच्या?