कोरगावकर सरांचं गाऱ्हाणं

आमचे कोरगावकर सर देव मानत नाहीत. विभागात सरस्वतीपूजन असलं की ते नेमके त्याच वेळी कँटीनमध्ये भाजी-पाव खायला जातात. पण एम.एस्सी.ची मुलं घेऊन अभयारण्यात शिकवायला गेले, की हाच माणूस फाटकाशी बूट काढतो, हातात नारळ धरतो आणि रानाच्या राखणदार देवाला खणखणीत गाऱ्हाणं घालतो.

"बा राखणदारा म्हाराजा, ही विद्यापीठाची पोरां आज तुझ्या रानात इली आसत."

"व्हय म्हाराजा," मुलांनी एका सुरात म्हणायचं.

"त्येंका झाडां वळखुची अक्कल दी. त्येंका जळवो लागांदेत, पण बेतान. अजिबात लागल्यो नाय तर तीं शिकतली कशी?"

"व्हय म्हाराजा." हा जरा पडेल आवाजात.

"आनी जो कोण वेफरची पिशवी हंय टाकीत, तेच्या पोटात परीक्षेच्या दिसा मुरडो येंव दी."

मीही त्याच विभागात वनस्पतिशास्त्र शिकवते, पण प्रयोगशाळेत. पान मला काचपट्टीवर, सूक्ष्मदर्शकाखाली आवडतं. जळवांसकट नाही. पण मुलींबरोबर एक बाई लागते म्हणून दर वर्षी माझी वर्णी लागायची आणि दिवसभर मी जळवांच्या भीतीने मोज्यांत तंबाखू भरून फिरायचे. सरांना माझी भारी कीव यायची. "बाई, तुमचां झाड शिशीत मेलेलां असतां," ते म्हणायचे. "तेका काय इचारतलास आनी तां काय सांगतलां?"

एकदा मी म्हटलं, "सर, विज्ञानाच्या माणसानं हे असलं करावं का?" तर म्हणाले, "वर्गात सूचना वाचून दाखयल्यार पोरां जांभयो देतत. हंय तोंडान एकदा 'व्हय' म्हटलां काय दिसभर कोण फांदी मोडणा नाय. तुमचो खंयचो कायदो इतको चलता, सांगा बघू." खरंच कोणी मोडत नसे.

बरं, गाऱ्हाणं तेवढ्यावर थांबायचं नाही. बसमध्ये सर उंड्यांची, म्हणजे गोल पावांची, पिशवी घेऊन प्रत्येकाच्या शेजारी बसायचे आणि पाव हातात कोंबता कोंबता घरचं सगळं काढून घ्यायचे. मग फाटकाशी ते सगळं राखणदाराच्या कानावर. "सुलक्षणाच्या आवशीचां ऑपरेशन बरां होंव दी." "ह्या दत्ताच्या बापायची खाण बंद पडली, तेका काम मेळांदी." तेव्हाचं "व्हय म्हाराजा" मुलं हसत हसत म्हणायची नाहीत.

सरांना उलट कोणी विचारलं, "तुमच्या घरी कोण असतं?" तर उत्तर ठरलेलं. "तुये गावात माझ्या घरा एक पाल आसा. तीव फारशी बोलणा नाय." बस हसायची. मीही हसायचे. पत्नी गेल्यापासून सर एकटेच राहतात हे विभागात सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यावर बोलायची कोणाची टाप नव्हती.

यंदा सर निवृत्त होणार होते. विभागप्रमुखांनी जाहीर केलं, की रानात जायला तयार असलेला शिक्षक मिळाला नाही तर पुढच्या वर्षीपासून जंगल पडद्यावर दाखवू, एसी खोलीत. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

शेवटच्या फेरीला सर फाटकाशी उभे राहिले. बूट काढले, नारळ धरला. "बा राखणदारा म्हाराजा," म्हणाले आणि थांबले. मुलांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. सरांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला.

"उंडो सुको होतो," सर घसा खाकरत म्हणाले आणि नारळ माझ्या हातात दिला. "बाई, तुमी घाला."

आमच्या मये गावच्या देवळात बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. पण ऐकून ऐकून पाठ असतं, आणि त्या क्षणी मला सरांची इतकी माया आली की आवाज आपोआप चढला.

"बा राखणदारा म्हाराजा, ह्या सरांनी आजवर सगळ्यांसाठी मागलां. आपल्यासाठी कायच मागूक नाय."

"व्हय म्हाराजा."

"तेंच्या घरा पालीशिवाय कोण नाय."

"व्हय म्हाराजा." कोणी हसलं नाही.

"फुडल्या वर्साक ही पोरां घेवन मी येतलंय. जळवांसकट. आनी सर आमच्यावांगडा येतले. ना म्हणाले तर तेंच्या पोटात मुरडो येंव दी."

म्हटलं, आणि मग कळलं काय म्हणून बसले. मयेच्या पोरीला राखणदारापुढचा शब्द मागे घेता येत नाही. मुलांनी रान दणाणून सोडलं. ज्याच्यासाठी मागायचं त्यानंही म्हणायचं असतं, म्हणून मुलं सरांकडे बघत थांबली.

सर बूट घालायला खाली वाकले. नाडी काही बांधून होईना. मग मान वर न करताच, एकट्याने, हळू आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा."