एका चार्जमध्ये निफाड

"निफाडला जायचं आणि परत यायचं. वाटेत कुठेही वायर लावायची नाही. जमलं, तर सुट्टीत मी या गाडीतून दापोलीला येईन. नाही जमलं, तर गाडी विकायची." रविवारी सकाळी पोळ्या लाटता लाटता छायाने अट सांगितली. ती शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे घरातही तिच्या उत्तरात हातचा राहत नसे.

प्रफुल्ल निरभवणे एवढ्यावरच हरखून गेला. इंदिरानगरातल्या त्यांच्या रो-हाउससमोर गेले अकरा महिने ती व्हॅन उभी होती. मालेगावहून आणली तेव्हा ती शाळेच्या पोरांना ने-आण करून दमलेली डिझेलची गाडी होती. चालू केली की समोरच्या घराच्या खिडक्या वाजत. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवणाऱ्या प्रफुल्लने तिचं इंजिन उतरवून मोटर बसवली, तळाशी बॅटऱ्या बसवल्या. मागे पलंग, इवलंसं किचन, फ्रीज, गीझर आणि चक्क एसी! ड्रायव्हरच्या पाठीशी प्लायवूडची भिंत, तिला सरकतं दार. आरटीओचे कागद कालच हातात पडले होते, आणि रात्री ते उशाला घेऊन तो झोपला होता.

गाडीवर नाराज होती ती फक्त कुसाबाई. ही प्रफुल्लची आत्या, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी महिनाभर त्यांच्याकडे आलेली. "गाडी हाय का मांजर?" गल्लीत चाचणीची फेरी झाली की ती म्हणायची. "येती कधी, जाती कधी, काय कळत नाय. मी तर पाय ठेवायची नाय त्यात."

दहाच्या सुमाराला बॅटरी ब्याण्णव टक्क्यांवर आली आणि नेमकी गल्लीतली लाईट गेली. ती येईपर्यंत थांबावं, एवढा धीर प्रफुल्लकडे नव्हता. शेवटच्या क्षणी टायरमधली हवा तपासायला पंप आणू, म्हणून तो शेजारच्या संतोषकडे गेला आणि गाडीच्या गप्पांत तिथेच अर्धा तास रमला. परत आला, हवा पाहिली, चार्जिंगची वायर गुंडाळून ठेवली, "छाया, निघालो!" अशी आरोळी ठोकली आणि सुटला.

काय ती गाडी चालत होती! औरंगाबाद रोडला लागल्यावर प्रफुल्लने संतोषला फोन लावून फोन मागच्या प्लायवूडला टेकवला.

"ऐक, मोटरचा आवाज ऐक! नुसती गुणगुण!"

"मस्त रे! पण मधेच ते घुर्र घुर्र काय वाजतंय?"

"गिअरबॉक्स असेल. नवीन आहे, बसेल हळूहळू."

निफाडला पोहोचल्यावर तहसील कचेरीजवळ उतरून त्याने गाडीसोबत सेल्फी काढला. मग त्याचं लक्ष आकड्याकडे गेलं. बासष्ट टक्के उरायला हवे होते. उरले होते एक्केचाळीस. त्याने मनात पुन्हा हिशेब केला. हिशेब बरोबर होता, आकडा चूक होता. 'सावकाश गेलं तर पुरेल,' असं ठरवून त्याने गाडी वळवली, तोच छायाचा फोन आला.

"अहो, आत्याबाई सापडत नाहीयेत!"

"सापडत नाहीत म्हणजे?"

"लाईट गेल्यावर 'लय उकडतंय, जरा बाहेर बसते' म्हणाल्या. तेव्हापासून नाहीत. देऊळ झालं, समोरच्या उज्वलाकडे झालं, बाग झाली. डोळ्याला हिरवी पट्टी आहे त्यांच्या, एकट्या कुठे जाणार? मी पोलिसांना कळवलंय. संतोषभावजी पाच स्कूटर घेऊन निघालेत."

आई गेल्यानंतर याच आत्याने प्रफुल्लला वाढवलं होतं. सावकाशीचा विचार त्याने तिथेच सोडला आणि ॲक्सिलरेटर दाबला. गाडी पळाली, पण तिच्यापेक्षा जोरात आकडा पळाला. तीस, एकवीस, बारा. चांदोरीच्या अलीकडे, दोन्ही बाजूंना द्राक्षबागा असताना, चार टक्क्यांवर गाडीने एकदा हळूच हिसका दिला आणि ती थांबली.

पुन्हा फोन वाजला. "कुठे पोहोचलात?" छायाचा आवाज रडवेला झाला होता. "हवालदार आलेत. आत्याबाईंनी अंगावर काय घातलंय ते विचारतायत."

प्रफुल्ल काही बोलणार, एवढ्यात त्याच्या मानेमागचं प्लायवूडचं दार सर्रकन सरकलं. अंगाभोवती रजई गुंडाळलेली, डोळ्यावर हिरवी पट्टी असलेली कुसाबाई बाहेर डोकावली.

"पफ्या, लाईट आली का रे?"

प्रफुल्लच्या हातून फोन पडला. तो त्याने उचलला आणि घसा साफ करून म्हणाला, "हवालदारांना सांग, हिरवं लुगडं आणि आपली निळी रजई."

पलीकडून हवालदारांची वही मिटल्याचा आवाज आला. मग छाया म्हणाली, "दोघंही सुखरूप या." आणि फोन ठेवला.

"आत्या, तू आत काय करत होतीस?"

"काय करणार? उकाड्यानं जीव चालला व्हता. पंख्याचं बटण कळंना, म्हणून सगळीच दाबली. मग असं गार वारं सुटलं, लय झ्याक झोप लागली बघ."

प्रफुल्लने आत पाहिलं. एसी अठरावर. गीझर चालू. फ्रीज चालू. आतले चारही दिवे चालू. त्याने एकेक बटण बंद केलं. मोटरची ती गोड गुणगुण एसीबरोबर बंद झाली, आणि गिअरबॉक्स म्हणजे कोण, हेही त्याला उमगलं. पण आत्याच्या चेहऱ्यावरचं समाधान पाहून त्याला एकाएकी इतकं हसू आलं, की तो पायरीवरच बसला.

तेवढ्यात मागून एक ट्रॅक्टर येऊन थांबला. वरचा माणूस म्हणाला, "काय दादा, डिझेल संपलं का? कॅन हाय माझ्याकडं."

"हिला डिझेल लागत नाही."

"मग काय पाण्यावर चालती?" त्याने खाली उतरून गाडीभोवती एक फेरी मारली. "मी मोतीराम. आडगावला चाललोय. माझ्या मळ्यावर वायर लावली असती, पण लाईट रात्रीची हाय या आठवड्यात. दोर बांधू, चला."

दोर बांधला. स्टिअरिंग जड होऊ नये म्हणून प्रफुल्लने किल्ली चालू ठेवली. आत्या रजई सोडून शेजारच्या सीटवर ऐटीत बसली. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी माना वळवल्या की ती हात हलवायची. वरात ओढा गावाजवळ पोहोचली, तेव्हा ती म्हणाली, "पफ्या, मघाशी चार व्हतं. आता नऊ कसं झालं?"

प्रफुल्लने डोळे चोळले. नऊ. बघता बघता दहा. आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. उतारावर आणि ब्रेक लावताना मोटरनेच बॅटरी भरावी, अशी सोय त्याने स्वतःच्या हाताने केली होती. ओढल्यावर चाकं फिरत होती, चाकं मोटर फिरवत होती आणि मोटर बॅटरी भरत होती!

"आत्या! आपण वीज तयार करतोय!" तो सीटवर उडाला.

पुढून मोतीराम ओरडला, "दादा, ट्रॅक्टर लय लोड घेतोय! काळा धूर निघाया लागला! आत भरलंय काय?"

"फक्त आत्या आहे!"

आडगावला दोर सुटला तेव्हा आकडा एकोणीसवर होता. प्रफुल्लने मोतीरामला मिठी मारली. का, ते त्या बिचाऱ्याला कळलं नाही.

गल्लीत गाडी शिरली तेव्हा पाच स्कूटर, हवालदार आणि अर्धी कॉलनी दारात उभी होती. टाळ्या झाल्या. आत्याने उतरायच्या आधी सगळ्यांना आत बोलावून पलंग दाखवला. हवालदारांनी तर गादी दोनदा दाबून पाहिली. गर्दी पांगल्यावर छाया गाडीजवळ आली. रडून तिचे डोळे लाल झाले होते, पण तिने आधी आकडा वाचला.

"सहा टक्के," प्रफुल्ल छाती काढून म्हणाला. "आणि वायर कुठेही लावली नाही."

हे शंभर टक्के खरं होतं, आणि तो तिथेच थांबणार होता. पण आत्याला कुठलं राहवतंय? दोर, ट्रॅक्टर, धूर आणि चाराचे एकोणीस, सगळं तिने हातवारे करून सांगितलं.

छायाने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे अकरा महिने खपून तुम्ही गाडीतलं डिझेलचं इंजिन काढलंत," ती म्हणाली, "आणि ते दोराने पुढे बांधलंत."

प्रफुल्लने मान खाली घातली. गाडी गेली, हे त्याला कळून चुकलं.

छाया आत चढली, पलंगावर जरा टेकली, मग आडवी झाली. पडल्या पडल्या तिने हात लांबवून फ्रीजही उघडून पाहिला.

"अहो," अखेर ती म्हणाली, "त्या मोतीरामभाऊंचा नंबर घेतलाय ना? मे महिन्यात आठ दिवस मोकळे आहेत का, विचारा. दापोलीपर्यंत घाट मोठा आहे."