दौलतराव आणि साताऱ्याची घंटा

आयुष्यभर दुसऱ्यांच्या सहीसाठी पत्रे लिहिली. स्वतःच्या नावाने चार ओळी लिहिण्याचे धाडस निवृत्तीनंतर प्रथमच करतो आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. ज्यांच्याविषयी लिहायचे ते दौलतराव मात्र सहजी क्षमा करणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी काही सांगितले आणि आपण नुसती मान हलवली, तर ते जागचे हलत नसत. "पोचलं का?" असे विचारीत. "पोचलं" असे तोंडाने म्हणावे लागे. मगच सुटका.

सत्तरच्या दशकात माधवनगरच्या एका कापड गिरणीत मी इंग्रजी पत्रव्यवहार पाहत असे. शेजारच्या खोलीत टेलिप्रिंटर होता. इकडे कळा दाबल्या की तिकडे साताऱ्याच्या आमच्या कचेरीत कागदावर अक्षरे उमटत. दौलतराव त्या यंत्राचे चालक. मूळचे रहिमतपूरचे, लष्कराच्या संदेश खात्यातून निवृत्त झालेले. निरोप पाठवणे हे अर्धेच काम, पोच मिळाली की ते पुरे होते, ही त्यांची लष्करातली शिकवण. ती त्यांनी चहावाल्यापासून देवापर्यंत सर्वांना लावली होती. एकदा मॅनेजरसाहेब त्यांच्यावर बराच वेळ ओरडले. दम घ्यायला थांबले तेव्हा दौलतराव अदबीने म्हणाले, "साहेब, समदं पोचलं." मारुतीच्या देवळात हात जोडून ते इतके रेंगाळत की मागची माणसे कुरकुरत. मी एकदा भीतभीत कारण विचारले. म्हणाले, "भाऊसाहेब, लाईन लांबची हाय. पोच यायला येळ लागतो."

त्यांचा दुसरा नेम उंबरठ्याचा. कोणाच्याही दारात गेले तरी लगेच कडी वाजवीत नसत. श्वासभर थांबत. "आतला मानूस पदर सावरत आसंल, तोंडातली तंबाखू थुकत आसंल. आल्या आल्या कडी वाजवू न्हाई." स्वतःच्या घरीही ते असेच थांबत, आणि वहिनी आतून ओरडत, "आवं, या की आत. भाकरी गार झाली."

साताऱ्याच्या यंत्रावर त्यांचाच धाकटा भाऊ महादेव होता. दौलतरावांनीच त्याला काम शिकवून तिथे चिकटवले होते. पुढे रहिमतपूरच्या मळ्यातल्या विहिरीवर मोट ठेवायची की इंजिन बसवायचे, यावरून दोघांचे बोलणे तुटले. थोरल्याला मोट हवी होती, धाकट्याने इंजिन आणले. त्यानंतर दिवसभर दोघे यंत्रावरून सुताचे आणि गाठींचे निरोप देत-घेत, पण त्यात घरचा एक शब्द नसे.

फक्त संध्याकाळची घंटा राहिली होती. त्या यंत्रात अक्षरे आणि आकडे त्याच कळांवर असत. आधी 'आकडे' ही कळ दाबायची आणि मग 'जे' या इंग्रजी अक्षराची, की अक्षर न उमटता पलीकडे घंटा वाजे. काम संपले की दौलतराव माधवनगरहून घंटा देत आणि साताऱ्याहून घंटा परत येई. निरोप काहीच नाही. थोरल्याने आधी वाजवायची, धाकट्याने उत्तर द्यायचे. घरात पाया पडण्याचा क्रम असावा तसा तो क्रम होता. परत आलेली घंटा ऐकली की दौलतराव टोपी घालीत.

एका वर्षी साताऱ्याला नवे यंत्र आले आणि घंटा परत येईनाशी झाली.

दौलतरावांनी आधी दोष मागांच्या विजेला दिला, मग हवेला. लष्करी खाकी रुमालाने त्यांनी कळ न् कळ पुसली. बोट बदलून पाहिले. दसऱ्याला यंत्रापुढे लिंबू ठेवले. शेवटी शिकलेल्या हाताचा गुण येतो का पाहू म्हणून कळा मला दाबायला लावल्या. मी त्यांच्या सांगण्याबरहुकूम दाबल्या. तरी साताऱ्याहून काही आले नाही. दिवसाच्या निरोपांना घंटा लागत नसे, कारण महादेव समोरच बसलेला असे. त्यामुळे कामाचे काही अडले नाही. अडले ते संध्याकाळच्या घंटेपाशी.

"सरळ टाइप करून विचारा ना, घंटा ऐकू येते का म्हणून," मी सुचवले.

"इचारून मिळाल्याली घंटी काय कामाची?" ते म्हणाले. "त्यानं सोडलं म्हनायचं."

तरी रोज संध्याकाळी ते घंटा देत, थोडा वेळ बसत आणि मग टोपी घालीत. पुढे महादेवला अर्धांगाचा झटका आल्याचे आणि त्याला रहिमतपूरला घरी नेल्याचे कळले. त्याच्या जागी साताऱ्याला नवा माणूस आला. दौलतरावांनी संध्याकाळची घंटा बंद केली.

एका दुपारी भलत्याच गाठी भरलेला ट्रक साताऱ्याकडे गेला. तो उतरवू नका असे कळवायचे होते. तिकडे जेवणाची सुट्टी, यंत्रापाशी कोणी नाही. मॅनेजरसाहेब डोक्यावर उभे. दौलतरावांनी घाईने दोन्ही कळा लागोपाठ हाणल्या. क्षणात साताऱ्याहून घंटा आली. पाठोपाठ नव्या माणसाची ओळ उमटली, की या यंत्राची घंटा आपण आज प्रथमच ऐकली.

ट्रकचे काम मिटले. दौलतराव मात्र उठले नाहीत. त्यांनी नेहमीप्रमाणे घंटा देऊन पाहिली. उत्तर नाही. लागोपाठ कळा दाबून दिली. उत्तर आले. तेव्हा त्यांचे बोट मधल्या लांब पट्टीवर थांबले. 'आकडे' दाबल्यावर ते ती पट्टी दाबून एक जागा कोरी सोडीत आणि मग घंटेची कळ दाबीत. दारात थांबावे तसे. जुन्या यंत्राला ते चाले. नवे यंत्र कोरी जागा दिसताच आकडे विसरून अक्षरांवर परत जाई. इतके दिवस महादेवच्या कागदावर रोज नुसते एक 'जे' उमटत होते. चुकून बोट लागले असेल, एवढेच त्याला वाटले असणार.

"म्हंजे त्यानं न्हाई सोडलं," दौलतराव म्हणाले. "मीच दारात थांबत ऱ्हायलो."

रविवारी सकाळच्या पॅसेंजरने आम्ही रहिमतपूरला गेलो. मला का नेले, ते त्यांनी सांगितले नाही. महादेवच्या दारात ते थांबले नाहीत. कडी वाजवली आणि तसेच आत शिरले. महादेव खाटेवर होता. त्याची वाचा गेली होती, नजर शाबूत होती. मळ्यातून इंजिनाचा आवाज येत होता. दौलतराव खाटेच्या कडेला बसले आणि कळ, कोरी जागा, नवे यंत्र, सगळे त्याला शिकवणीच्या दिवसांसारखे समजावून सांगू लागले. सांगून झाल्यावर म्हणाले, "रोज वाजवत हुतो रं, म्हादू. पोचलं का?"

महादेव पाहत राहिला. त्याच्या धड राहिलेल्या हाताची बोटे वाकळेवर हलली. एकदा, आणि लगेच पुन्हा, दोन कळा लागोपाठ दाबाव्या तशी. दौलतराव वाकून त्या बोटांकडे पाहू लागले. दारातून महादेवची बायको म्हणाली, "भावजी, तसा हात दिसभर हालतोय त्यांचा."

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले होते. कोरेगावचा एक ओळखीचा व्यापारी भेटला, त्याला त्यांनी काहीतरी निरोप सांगितला. त्याने नुसती मान हलवली. दौलतरावांनी त्याला काही विचारले नाही. त्यानंतर त्यांनी कोणालाच विचारले नाही.

मी त्या बोटांचा अर्थ लावण्याचा पुष्कळ प्रयत्न केला, पण मला तो लागत नाही. म्हणून वाचकांनाच विचारतो. महादेवला ते पोचले असेल का?