लाल टिकलीचे दहा मंत्र

रविवारी दुपारी साडेतीन वाजता ब्रेककाकांनी जेवणाच्या टेबलावर चाळीस कार्डं पसरून ठेवली होती आणि ते कोणाला तिकडे फिरकू देत नव्हते. चाळिसातली दहा निवडायची होती. चार वाजता खेळ सुरू होणार होता, आणि पहिल्यांदा स्टिअरिंग हातात घेणाऱ्या माणसासारखी काकांच्या छातीत धडधड चालली होती.

ब्रेककाका हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांनी तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. तो दाबून दाबून त्यांनी निम्म्या गावाला गाडी शिकवली आणि उरलेल्या निम्म्याचे जीव वाचवले. स्कूल विकून आठ महिने झाले, पण ते त्यांच्या पायाला कोणी कळवलं नव्हतं. टीव्हीवरची गाडी वळणावर आली की सोफ्यात बसल्या बसल्या पाय फरशी दाबायचा. ‘लक्ष समोर, एका वेळी एकच काम,’ हे तर ते झोपेतही म्हणतात, असं काकू सांगत.

आता हा खेळ काय, तर दर रविवारी काकांच्या घरी लेकीकडे औषधाच्या दुकानातली केमिस्ट आणि एक वायरमन अशी मंडळी यायची. केमिस्ट गोष्ट सांगायची, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं व्हायचे आणि कोणाला काय जमलं ते वीस बाजूंचा फासा ठरवायचा. लेक त्यात चोरटी होती, वायरमन चिलखतातला सरदार होता. तिसरा होता वायरमनचा मावसभाऊ. तो ड्रुइड व्हायचा, म्हणजे झाडाझुडपांशी बोलणारा, मंत्र टाकणारा जंगलातला साधू. त्या मावसभावाला दुसरीकडे नोकरी लागली आणि ड्रुइडची खुर्ची रिकामी झाली.

गेले आठ महिने काका दर रविवारी चष्मा शोधायला म्हणून हॉलमधून जात, पेपर शोधायला म्हणून परत येत. एकदा तर चष्मा डोळ्यांवर असताना त्यांनी चष्मा शोधला. खरं सांगायचं तर त्यांना त्या हसण्याखिदळण्यात जाऊन बसायचं होतं. रविवार खायला उठायचा. त्यामुळे केमिस्टने, “काका, तुम्ही बसता का? या रविवारी बघू. नाही जमलं तर मग दोघांत काही मजा नाही, दोन वर्षांची गोष्ट बंदच करावी लागेल,” असं विचारलं तेव्हा तिचं वाक्य संपतं न संपतं तोच ते हो म्हणाले.

लेकीला मात्र हे पसंत नव्हतं. “बाबा, तुम्ही खेळणार नाही, शिकवत बसाल,” ती म्हणाली होती. तरी सकाळी तिने कार्डं आणून दिली. “यातले दहा मंत्र घ्या. आणि नीट ऐका, ज्यांवर लाल टिकली आहे ना, त्यांना एकाग्रता लागते. म्हणजे काय होतं, की...”

“एकाग्रता?” काका म्हणाले. “तू मला एकाग्रता शिकवणार? अगं, तुझा बाप तीस वर्षं जगाला तेच शिकवत आला.”

“अहो बाबा, पण पुढचं ऐका तरी.”

“कळलं. जा तू.”

लेकीने कपाळावर हात मारला आणि ती गेली. घोटाळ्याचं मूळ इथे आहे. काकांनी चाळीस कार्डं चाळली, अठरांवर लाल टिकली निघाली. त्यांना वाटलं, ही कंपनीची उत्तम मालावरची खूण असणार. टिकलीशिवायच्या मंत्रांना एकाग्रता लागत नाही, म्हणजे ते कोणीही सोम्यागोम्या टाकेल. जखम भरण्याचा मंत्र त्यांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि लाल टिकली नाही म्हणून बाजूला सारला. पावणेचारला दहाच्या दहा लाल टिकल्या एका ओळीत लागल्या आणि काका आनंदाने हात चोळत उठले.

चारच्या ठोक्याला मंडळी जमली. तेवढ्यात काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “अहो, मी मोटर लावलीय. अर्ध्या तासात टाकी भरेल. बंद करायचं काम तुमचं.”

“झालंच म्हणून समज,” काका म्हणाले. हे काम साधं नव्हतं. या महिन्यात काकांच्या विसराळूपणामुळे टाकी दोनदा वाहिली होती आणि दोन्ही वेळा खालच्या मजल्यावरच्या बाईंचे वाळत घातलेले कपडे पुन्हा ओले झाले होते. तिसऱ्या वेळी आपण स्वतः वर येऊ, असं बाईंनी सांगून ठेवलं होतं. त्या बाईंना काकांनीच गाडी शिकवली होती, त्यामुळे त्या आल्या की काय होईल याची त्यांना कल्पना होती.

केमिस्टने गोळ्या मोजाव्यात तसे फासे मोजून वाटले. “काका, घरचे दोन नियम. ज्याची पाळी, त्याचा निर्णय. दुसऱ्याने सल्ला द्यायचा नाही, खाकरायचंसुद्धा नाही.” हे म्हणताना ती वायरमनकडे बघत होती. “आणि कोणाचीही पाळी चालू असताना फोन घेतला किंवा टेबल सोडून उठलात, तर तुमच्या ड्रुइडचंही लक्ष उडालं असं धरायचं.”

“अरे वा,” काका म्हणाले. “माझ्या स्कूलमध्ये हाच नियम होता.”

गोष्ट सुरू झाली. गावाच्या वेशीवर लोखंडी सेनापती पन्नास शिपाई घेऊन आला होता आणि गाव वाचवायला हे तिघं. पहिलीच पाळी काकांची. त्यांनी ‘वेलींची पकड’ टाकलं, फासा सतरावर पडला. जमिनीतून वेली उसळल्या आणि वीस शिपाई जागच्या जागी जखडले गेले. वायरमनने टेबलावर थाप मारली. “काका, काय सुरुवात केलीत.” लेकसुद्धा हसली. काकांना वाटलं, आठ महिने आपण उगाच चष्मा शोधत फिरलो.

वायरमनचा सरदार बेधडक त्या जखडलेल्या शिपायांच्या मधे घुसला. पुन्हा काकांची पाळी आली. उत्साह असा की त्यांनी लगेच दुसरं कार्ड आपटलं. “लांडग्यांची हाक. आठ लांडगे.”

“आले आठ लांडगे,” केमिस्ट म्हणाली. “आणि वेली गळून पडल्या.”

“का बरं?”

“दोन्हीवर लाल टिकली आहे ना काका. एकाग्रता एकाच मंत्रावर धरता येते. दुसरा टाकला की पहिला सुटला.”

“सकाळी मी तेच सांगत होते,” लेक दातओठ खात म्हणाली.

काकांनी हातातल्या आठ कार्डांकडे पाहिलं. आठही लाल. एक ना धड, भाराभर चिंध्या, अशी त्यांची अवस्था झाली. तिकडे सुटलेल्या वीस शिपायांनी सरदाराला मधे घेतलं आणि बदडायला सुरुवात केली.

“काका, एक जखम भरणारा मंत्र टाका, मरतोय मी,” वायरमन म्हणाला. काकांची पाळी आली होती आणि हा सल्ला होता, म्हणून केमिस्टने त्याचा एक गुण कापला. सल्ला पाळायचा तरी कसा? तो मंत्र आत जेवणाच्या टेबलावर, बाजूला सारलेल्या ढिगात होता.

“लांडगे आहेत ना आपले,” काका धीर देत म्हणाले. लेकीची चोरटी एका लांडग्यावर स्वार होऊन सरदाराला सोडवायला निघाली. आणि नेमका काकांचा फोन वाजला. एक जुनी विद्यार्थिनी होती.

“सर, दोन गाड्यांच्या मधे अडकलेय. रिव्हर्स घेताना चाक कुठे वळवू?”

“आधी आरशात बघ,” काका सवयीने म्हणाले. “पूर्ण उजवीकडे. सावकाश. आणि गाडीत बसून फोनवर काय बोलतेस? किती वेळा सांगितलं, एका वेळी एकच...”

पुढे ते बोलले नाहीत, कारण तिन्ही माणसं त्यांच्याकडे बघत होती.

“लांडगे गेले,” केमिस्ट शांतपणे म्हणाली. चोरटी भर वेगात जमिनीवर आपटली, तीही खाजकुयलीच्या झुडपात. लेकीने पात्राच्या कागदावर काय लिहिलं ते काकांना दिसलं नाही, पण पेन्सिलीचं टोक मोडलेलं ऐकू आलं.

काकांनी फोन बंद करून उशीखाली सारला. आता ‘काट्यांचं रान’. हे मात्र जिवापाड धरायचं, असं त्यांनी ठरवलं. सेनापतीने भलामोठा दगड भिरकावला. “दगड लागला,” केमिस्ट म्हणाली, “मार बसला की एकाग्रता टिकते का बघायला फासा टाकायचा. दहाच्या वर हवा.” काकांनी फासा टाकला. तो घरंगळत जाऊन अठरावर थांबला. पण तोवर काकांच्या डोळ्यांसमोर तो दगड येतच होता, आणि पाय आपलं काम करून गेला. टेबलाचा खूर हलला, टेबल हादरलं, अठरा उलटून तीन झाला.

“ब्रेक लागला,” वायरमन म्हणाला. या वेळी कोणी हसलं नाही.

अशाने सात कार्डं संपली. एक मंत्र दिवसात एकदाच टाकता येतो, त्यामुळे गेला तो गेला. सरदार लंगडत होता, चोरटी खाजवत होती, तिघं मागे हटत हटत नदीकाठी पोचले. समोर दुथडी भरलेली नदी, मागे पन्नास शिपाई. मधल्या काळात काकू दोनदा कपड्यांची बादली घेऊन हॉलमधून बाल्कनीत जाऊन आल्या, तिकडे कोणाचं लक्षही गेलं नाही.

लेक हळूच म्हणाली, “बाबा, जाऊ दे. आज संपवू या.” तिचा आवाज चिडका असता तर काकांना चाललं असतं. तो समजुतीचा होता. खुर्ची गेली, रविवार गेले, आणि पोरांची दोन वर्षांची गोष्टही आपण बुडवली, असं त्यांना स्वच्छ दिसलं.

उरलेल्या तीन कार्डांत एक होतं ‘पाणी दुभंगणे’. त्यांनी ते ठेवलं. फासा टाकण्याआधी दोन्ही पाय उचलून खुर्चीवर मांडी घातली. एकोणीस.

“नदी दुभंगली,” केमिस्ट म्हणाली. “दोन्ही बाजूंना पाण्याच्या भिंती, मधे कोरडी वाट.” तिघं धावत पलीकडे पोचले. काकांचं तोंड लाल झालं होतं. आता इकडचं जग तिकडे झालं तरी सोडायचं नाही, असं त्यांनी मनाशी घोकलं.

“शिपाई तुमच्या मागे नदीत उतरले. पाळी तुमची. काय करता?”

“धरून ठेवतो.”

“पंचवीस जण उतरले. धरून?”

“म्हणजे काय. श्वाससुद्धा जपून घेतोय.”

वायरमनने स्वतःचं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं. लेकीचे डोळे बाहेर यायचे बाकी होते. नियम म्हणजे नियम, बोलायची सोय नव्हती. आपल्या एकाग्रतेने सगळे थक्क झाले, असं काकांना वाटलं.

“पन्नासच्या पन्नास उतरले,” केमिस्ट एकेक शब्द सुटा करून म्हणाली. “सेनापतीही. बरोब्बर मध्यावर आहेत. पुढच्या पाळीत ते या काठाला लागतील. काका, शेवटचं विचारते. पाणी धरूनच ठेवणार?”

“जीव गेला तरी,” काका म्हणाले.

“अहो,” स्वयंपाकघरातून काकूंचा खणखणीत आवाज आला, “मोटर!”

काका ताडकन उठले. मांडी, खुर्ची, कार्डं, सगळं उधळलं. खालच्या बाई डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या आणि एकाग्रता कुठल्या कुठे पळाली. ते पॅसेजमधल्या बटणापर्यंत पोचतात तोच मागे हॉलमध्ये असा काही कल्ला उठला की त्यांना वाटलं, बाई आल्याच.

त्यांनी बटण पाहिलं. मोटर बंद होती. टाकीच्या पाइपातून थेंबाचाही आवाज नव्हता.

परत आले तर वायरमन खुर्चीवर उभा राहून नाचत होता. केमिस्टने शिपायांचा अख्खा कागद फाडला होता. “टेबल सोडलंत, एकाग्रता तुटली,” ती म्हणाली, “नदी मिटली. पन्नास शिपाई आणि सेनापती एका फटक्यात वाहून गेले.”

लेकीने येऊन त्यांच्या गळ्यात हात टाकले. हे ती दहावीच्या निकालानंतर पहिल्यांदाच करत होती. “बाबा, शेवटच्या क्षणापर्यंत थांबलात. मी म्हटलं, यांना कळतच नाहीये.”

काकांच्या जिभेवर ‘अनुभव’ हा शब्द आला होता. पण दारात काकू टॉवेलची घडी घालत उभ्या होत्या. तो शब्द काकांनी गिळला.

“अगं, मोटर तर बंद आहे,” ते म्हणाले.

“मीच बंद केली. वीस मिनिटं झाली.”

“मग ओरडलीस कशाला?”

“सगळं ऐकू येत होतं मला आत,” काकू म्हणाल्या. “ती माणसं नदीच्या मधोमध आली तरी तुम्ही आपले धरूनच बसलात. या पोरांना बोलायची बंदी. म्हटलं, ‘सोडा’ असं सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं नसतंत. मोटर म्हटल्यावरच उठलात.”

केमिस्टने वायरमनकडे पाहिलं, वायरमनने लेकीकडे.

“नियम मोडला का?” वायरमनने विचारलं.

“त्या खेळत नव्हत्या,” केमिस्ट म्हणाली. “खेळणाऱ्यांना बंदी आहे.”

काका खाली पडलेली कार्डं गोळा करायला वाकले. ड्रुइडची खुर्ची कोणाला जायला हवी ते त्यांना कळलं होतं, आणि ते कोणी बोलून दाखवायच्या आत आपणच म्हणावं, एवढा सरळपणा त्यांच्यात होता. “हिला बसवा,” ते कार्डांकडे बघत म्हणाले. “माझ्यापेक्षा हिला जमेल.”

“मला कुठे वेळ आहे,” काकू म्हणाल्या. पण त्यांनी टॉवेल खाली ठेवला आणि काकांनी गोळा केलेली ती लाल कार्डं बघितली. “आणि मी हे असले घेणार नाही. एका वेळी एकच धरायचं म्हणे. मला एका वेळी चार कामांची सवय. आत तो बिनटिकलीचा ढीग पडलाय ना, तो आणा.”

लेक आत गेली. परत आली तेव्हा तिच्या एका हातात कार्डांचा ढीग होता आणि दुसऱ्या हातात स्वयंपाकघरातली खुर्ची. ती खुर्ची तिने बाबांच्या खुर्चीला अगदी खेटून ठेवली.

“खुर्ची तुमचीच, बाबा,” ती म्हणाली. “गाडी तुम्हीच चालवा. आई फक्त शेजारी बसेल.”

पुढच्या रविवारी चार वाजता मोटर आधीच बंद झाली होती. नवी गोष्ट, नवं जंगल, काकांच्या हातात पाच लाल आणि पाच साधी कार्डं. दलदलीत वेली पसरून त्यांनी राक्षस घट्ट जखडला होता. पाळी आली आणि उत्साहाच्या भरात त्यांचा हात आपोआप लांडग्यांच्या कार्डाकडे गेला.

टेबलाखाली काकूंचा पाय त्यांच्या पायावर पडला, आणि दाबला गेला.

काकांनी हात मागे घेतला. “वेलीच धरून ठेवतो,” ते म्हणाले.