अर्ध्या शेडची पावडर

कुक्कुटपालनाचं शिबिर दोनच दिवसांचं होतं, पण जावईबुवा परतले ते चक्क शास्त्रज्ञ होऊन! सोबत कोंबड्यांचं पचन सुधारणाऱ्या प्रोबायोटिक आणि एन्झाइमच्या पावडरीचा डबा. दोन वर्षं ते सासऱ्यांच्या पोल्ट्रीत राबत होते आणि तिथे त्यांचं मत कुणी विचारत नव्हतं. आता मात्र शेडच्या किल्ल्या आपल्याच हाती येणार, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

सासऱ्यांचं म्हणणं, पिल्लांना खाता येतं तसं पचवताही येतं. शब्दाने शब्द वाढला आणि पैज लागली. शेडच्या मधोमध जाळी लावायची. डावीकडच्या पाचशे पिल्लांच्या खाद्यात पावडर, उजवीकडच्या पाचशेंना साधं खाद्य. पस्तिसाव्या दिवशी डावी बाजू वजनात जास्त भरली तर किल्ल्या जावयाच्या. नाही भरली तर शेडमध्ये पिल्लांखाली अंथरलेलं तूस जन्मभर उलथायचं काम जावयाचं.

पस्तीस दिवसांचा डबा पंधराव्या दिवशीच तळ दाखवू लागला. सासऱ्यांची तब्येत तर हल्ली चांगली तुकतुकीत दिसत होती. जावईबुवांनी दोन अधिक दोन चार केले: पावडर सासरेच खातात!

"बाबा, ती पावडर कोंबड्यांसाठी आहे," ते चहा पिताना म्हणाले.

"मग करा माझं वजन," सासरे म्हणाले आणि खाद्याची पोती मोजायच्या काट्यावर जाऊन उभे राहिले.

रागाच्या भरात माणूस दोन घास जास्तच खातो. आठवड्यात सासरे दीड किलोने वाढले. झालं, पुरावा मिळाला! जावईबुवांनी नवा डबा आणला, कपाटात कुलूपबंद केला आणि किल्ली घरातल्या एकमेव विश्वासू माणसाकडे, म्हणजे सासूबाईंकडे दिली.

पस्तिसावा दिवस उजाडला. डावीकडची सरासरी दोन किलो दोनशे ग्रॅम. उजवीकडचीही तेवढीच! काटा तीनदा तपासून झाला. सासऱ्यांनी जावयाच्या हाती तूस उलथायचं दाताळं दिलं. जावईबुवांचा चेहरा इतका पडला की सासूबाईंना राहवेना.

"वेगळी कशी भरतील? रोज उजवीकडच्यांनाही मीच पावडर घालत होते," त्या म्हणाल्या. "बिचारी जाळीला चोच लावून बघत बसायची. माझ्या घरात दुजाभाव चालायचा नाही."

जावईबुवांनी धावत जाऊन मागच्या खेपेच्या पिल्लांच्या वजनांची वही आणली. तेव्हाची सरासरी जेमतेम दोन किलो! म्हणजे पावडर जिंकली होती. त्यांनी दाताळं टाकलं आणि किल्ल्यांसाठी हात पुढे केला.

"पावडर जिंकली, कबूल," सासरे म्हणाले. "पण अख्ख्या शेडला घालायचं सुचलं कुणाला?"

आणि त्यांनी किल्ल्या बायकोच्या हातावर ठेवल्या.

सासूबाईंनी त्या कमरेला खोचल्या आणि कारभार तिथल्या तिथे सुरू केला. दाताळी दोन होती, जाळी मधोमध होतीच. डावीकडचं तूस त्यांनी जावयाला दिलं, उजवीकडचं नवऱ्याला.