राजपुत्र कात्रजला अडकलाय

"चौदा वर्षांची मुलगी विहिरीत पडली तर किती वेळ तग धरेल रे?"

सकाळी सकाळी दुधाच्या पिशव्या घेऊन लिफ्टमध्ये शिरलेल्या माणसाला असा प्रश्न कोणी विचारत नाही. विजूमावशी विचारतात. मी घाबरून म्हणालो, "पोहता येतं का तिला?"

"छे! राजकन्या आहे ती. तिला शिकवतात काय? वाट बघायला."

एवढं बोलून त्या आपल्या मजल्यावर उतरल्या, आणि मी दिवसभर खराडीच्या ऑफिसात बसून विहिरीच्या खोलीचा विचार करत राहिलो.

विजूमावशी बिबवेवाडीच्या आमच्या सोसायटीत आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये एकट्याच राहतात. आयुष्यभर बँकेच्या लॉकर विभागात नोकरी केली, लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर त्यांच्या वयाच्या बायका भजनी मंडळात जातात; मावशींनी परीकथा लिहायला घेतल्या. कथा जुन्याच, पण उसवून पुन्हा शिवलेल्या. त्यांतल्या राजकन्यांना भूक लागते, त्यांची नखं वाढतात. राक्षस खरोखरच माणसं खातो, हाडांसकट. आणि राजपुत्र शेवटपर्यंत येत नाही. ऐकणारं कोणी त्याची चौकशी केलीच, तर मावशी चष्म्यावरून बघतात आणि जाहीर करतात, "राजपुत्र कात्रजला ट्रॅफिकमध्ये अडकलाय. आता तुमचं तुम्ही बघा."

लिहिण्यापूर्वी प्रत्येक गोष्टीची खातरजमा करायची, हा बँकेतला स्वभाव मात्र गेलेला नाही. राक्षसाचा जीव पोपटात असतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पण त्या पोपटाची मान मुरगळायला राजपुत्रच कशाला लागतो, असा मावशींचा सवाल. मुलीच्या मनगटात तेवढा जोर असतो की नाही? मग जन्मात अंड्याला न शिवलेल्या मावशी चौकातल्या चिकनवाल्याच्या दुकानात जाऊन बराच वेळ उभ्या राहिल्या, त्याला बारीकसारीक प्रश्न विचारत. संध्याकाळपर्यंत अख्ख्या सोसायटीत कुजबुज झाली की विजूमावशींनी 'सुरू केलं'. त्यांच्या स्वयंपाकाच्या बाईंनी तर चिकनचा कुकर वेगळा ठेवायला बजावलं.

एका प्रकाशकाने त्यांना सुचवलं होतं, की किशोरवयीन मुलींसाठी हे फार भयंकर आहे, शेवट जरा गोड करा. "गोड हवं असेल तर बासुंदी खा," असं म्हणून मावशी कागद उचलून घरी आल्या. तेव्हापासून दर शनिवारी दुपारी सोसायटीतल्या आठवी ते अकरावीच्या मुली त्यांच्या हॉलमध्ये जमतात. मोबाइल दाराबाहेर चपलांशेजारी ठेवावा लागतो. माझी सई, जी जेवताना आमच्याकडे मान वर करून बघत नाही, ती मोबाइल मुकाट्याने चपलेशेजारी ठेवते. "बाबा, सॉलिड डार्क असतं! मस्त!" एवढाच काय तो अहवाल आम्हाला मिळतो.

पण चेअरमन गावंड्यांना ते मस्त वाटेना. गावंडे अमरावतीकडचे, भला माणूस, मुलीच्या बाबतीत मात्र कमालीचा हळवा. मी सोसायटीचा सेक्रेटरी, कारण निवडणुकीच्या सभेला उशिरा पोचलो होतो. त्यामुळे एका शनिवारी मला सोबत घेऊन ते मावशींच्या दारात उभे राहिले.

"काहून सांगता हो पोरींना असलं? माझी अनुष्का लाइट लावून झोपते. शेवट गोड करा, नाहीतर हे शनिवार बंद."

मावशींचा चेहरा एकदम पडला. स्वयंपाकाच्या बाई सोडल्या तर आठवडाभरात त्यांच्या घराची बेल वाजवणारं माणूस म्हणजे या मुलीच. ते माझ्या तेव्हा कुठे लक्षात आलं. पण आवाजात त्यांनी काही दाखवलं नाही. "आपण आधी ऐका. मग खुशाल बंद करा. बसा."

आम्ही मुलींच्या मागे बसलो. "एका मुलीला सावत्र आईने चेटकिणीच्या घरी पाठवलं," मावशींनी सुरुवात केली आणि थांबल्या. मुली एका सुरात म्हणाल्या, "हं." मावशी गावंड्यांकडे बघत राहिल्या.

"आपणही हुंकार द्यायचा. ऐकणाऱ्याचा हुंकार आल्याशिवाय आमच्याकडे गोष्ट पुढे सरकत नाही. आपण गप्प राहिलात तर ती पोर चेटकिणीच्या दारात तशीच उभी राहील. मग जबाबदारी आपली."

गावंड्यांनी घड्याळाकडे पाहिलं. अनुष्काने गावंड्यांकडे पाहिलं. "हं," ते कसेबसे म्हणाले.

गोष्ट चेटकिणीच्या तळघरात पोचली, तोवर त्यांचे हुंकार मुलींच्या आधी यायला लागले होते. मुलीने झोपलेल्या चेटकिणीला तिच्याच वेणीने खाटेला बांधलं, काचांवरून चालत ती बाहेर आली आणि रक्ताळलेल्या पायांनी एकटीच गावाच्या वाटेला लागली. गोष्ट संपली.

"म्हणजे तिला न्यायला कोणीच आलं नाही?" गावंडे चक्क कळवळले. "एखादा भाऊ तरी पाठवायचा होता हो मावशी!"

मावशींनी चष्मा काढला.

"माझ्या धाकट्या बहिणीलाही तसंच वाटायचं. कुसुम तिचं नाव. सासरी तिला खोलीत कोंडून ठेवायचे. कोणीतरी येईल म्हणून ती वाट बघत राहिली. आम्ही पोचलो तेव्हा ती गेलेली होती. खिडकीला गज नव्हते हो. तळमजलाच होता. पण लहानपणापासून ऐकलेल्या एकाही गोष्टीत मुलगी आपली आपण खिडकीतून बाहेर पडली नव्हती."

पुढे त्यांना बोलवेना. इतकी वर्षं शेजारी राहून मी कुसुमचं नावही ऐकलं नव्हतं, आणि मला फार वाईट वाटलं. मुली एकमेकींकडे बघत होत्या.

तेव्हा शनिवार बंद करायला आलेले गावंडे खाली बघत अगदी हळू म्हणाले, "हं."

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं. अनुष्का उठून वडिलांजवळ जाऊन बसली. शनिवार चालू राहणार, हे न बोलताच ठरलं.

"कुसुम ना," मावशी म्हणाल्या, "झाडावर माझ्याआधी चढायची."

"हं," आम्ही सगळे म्हणालो.